माहितीपट पाहावा, पण एकट्याने नव्हे

दुपारची जेवणे आटोपली की आपल्याकडच्या बहुतेक घरांत वयस्क मंडळींसमोर टीव्ही सुरू होतो. कोणी मालिका पाहते, कोणी कीर्तन ऐकते, कोणी बातम्या लावून बसते. काही घरांत मात्र एखादे आजोबा विमानांचे, ग्रहताऱ्यांचे किंवा जुन्या युद्धांचे माहितीपट पाहण्यात रमलेले दिसतात. घरच्यांना त्याचे कौतुक असते. 'निदान काहीतरी ज्ञानाचे पाहतात,' असे आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतो आणि निश्चिंत मनाने आपापल्या कामाला लागतो. मीही दोन वर्षे हेच करत होते. ही निश्चिंती किती फसवी असते हे ज्या प्रसंगाने मला शिकवले, तो आधी सांगते. वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज तशीच परिस्थिती असू शकेल.

सायखेड्यातील आमचे घर

आमचे घर निफाड तालुक्यातील सायखेड्यात, गोदावरीच्या काठी आहे. पूल ओलांडला की चांदोरी. माझे सासरे, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, आज एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. १९६७ साली ते ओझरच्या विमान कारखान्यात कामाला लागले. हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा हा नाशिक विभाग १९६४ साली, सोव्हिएत संघाच्या परवान्याने मिग-२१ विमाने बांधण्यासाठी स्थापन झाला. आमच्या भागात त्या कारखान्याला आजही नुसते 'मिग' म्हणतात. 'पोरगा मिगला आहे' एवढे वाक्य एके काळी सोयरीक जुळवायला पुरत असे. नानांनी तेथे सदतीस वर्षे विमानाच्या पत्र्यांना रिव्हेट मारण्याचे आणि जोडणीचे काम केले व २००४ साली ते निवृत्त झाले.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा विसराळूपणा वाढू लागला. सकाळी काय खाल्ले ते आठवेना. एकच प्रश्न तासाभरात चारदा येऊ लागला. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासण्या करून स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे सांगितले. बाहेर फिरणे कमी झाले, ऐकू येणेही मंदावले होते. त्यामुळे टीव्ही हाच त्यांचा सोबती झाला. विमाने आणि युद्धे यांचे माहितीपट ते दिवसातून सहा-सात तास पाहत. ते शांत बसलेले असत, म्हणून आम्हीही समाधानी होतो.

१६ डिसेंबर हा विजय दिवस. त्याच्या आसपास अनेक वाहिन्यांवर १९७१ च्या युद्धाचे माहितीपट दाखवतात. तशाच एका रात्री नाना अकरा वाजेपर्यंत एकटेच पाहत बसले होते. पहाटे दोनच्या सुमारास ते उठले, घरभर फिरून दिवे घालवू लागले, खिडक्या लावू लागले. 'ब्लॅकआउट आहे, दिवे घालवा,' असे ते म्हणत होते. त्या अंधारात मधल्या खोलीच्या उंबऱ्याला पाय अडखळून ते पडले. मनगटाचे हाड मोडले. खुब्याचे मोडले नाही, हे नशीब.

प्लास्टर घालून आणल्यावर मी टीव्हीची वायरच काढून ठेवली. आठ दिवसांत नाना आणखी गप्प झाले. खिडकीपाशी बसून राहत, जेवायला बोलावले तरी उठत नसत. पुढच्या तपासणीला मी हे डॉक्टरांना सांगितले. त्यांच्या बोलण्याचा सारांश असा होता : टीव्ही बंद करू नका, तो केव्हा, किती वेळ आणि कोणाच्या सोबतीने पाहिला जातो, ते बदला. त्यानंतर गेले वर्षभर आम्ही जे शिकलो, तेच या लेखात मांडते आहे.

नुसते पाहणे आणि मन लावून पाहणे

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील डेझी फॅनकोर्ट आणि अँड्र्यू स्टेप्टो या संशोधकांनी २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्लंडमधील पन्नाशी ओलांडलेल्या ३,६६२ व्यक्तींची माहिती त्यांनी सहा वर्षांच्या अंतराने तपासली. जे रोज साडेतीन तासांहून अधिक टीव्ही पाहत होते, त्यांची शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता इतरांपेक्षा अधिक घटलेली आढळली. २०२२ साली ब्रिटनमधीलच साठीपुढच्या सुमारे १ लाख ४५ हजार लोकांच्या माहितीवरून आणखी एक निष्कर्ष पुढे आला. अधिक टीव्ही पाहणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त होते, तर फावल्या वेळात संगणक वापरणाऱ्यांत ते कमी होते. दोन्ही गोष्टी बसूनच केल्या जातात. शारीरिक हालचाल किती होते हे लक्षात घेतल्यावरही हा फरक उरला.

अशा अभ्यासांवरून टीव्हीमुळेच आजार होतो असे सिद्ध होत नाही. ज्याला आजाराची सुरुवात झाली आहे, तो आपसूकच टीव्हीसमोर अधिक बसू लागतो, असेही असू शकते. तरी त्यातून एक धडा घेता येतो. बसल्या बसल्या मेंदूला काही काम मिळते की नाही, याला महत्त्व आहे.

येथेच 'ज्ञानाचे पाहतात' हे आपले समाधान तोकडे पडते. माहितीपट ज्ञानाचा असला तरी पाहणाऱ्याने त्यात काहीच भर घातली नाही, तर तीन तासांचा माहितीपट आणि तीन तासांची मालिका यांत फारसा फरक राहत नाही. दोन्ही डोळ्यांसमोरून वाहून जातात. उलट वीस मिनिटांचा माहितीपट पाहून त्यावर दहा मिनिटे बोलणे झाले, तर आठवणे, शब्द शोधणे, क्रम लावणे, समोरच्याचे ऐकून उत्तर देणे अशी किती तरी कामे मेंदू करतो. शिवाय घरातले माणूस जवळ येऊन बसते, हा लाभ वेगळाच.

हेच विषय का भावतात?

आज पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी वयाची जी पिढी आहे, तिचे तारुण्य आणि स्वतंत्र भारताची घडण एकाच काळातली. १९६२, १९६५ आणि १९७१ ची युद्धे त्यांनी रेडिओला कान लावून ऐकली. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट त्यांनी चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाच्या आधी पाहिले. पुढे १९८८ साली श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' ही त्रेपन्न भागांची मालिका रविवारी घरात बसून पाहिली. डॉ. जयंत नारळीकर यांच्यामुळे आकाशातले विज्ञान मराठी घरांत बोलले जाऊ लागले. त्यामुळे विज्ञान, इतिहास आणि विमाने हे या पिढीला परके विषय नाहीत. तो त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचाच भाग आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्याला तर या बाबतीत वेगळाच मान आहे. गोदावरी जेथे उगम पावते त्या त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' करण्यापूर्वी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाण्याचे बी पेरून, समोर कॅमेरा ठेवून, महिनाभराहून अधिक काळ त्यांनी त्या रोपाची वाढ टिपली आणि ती जेमतेम मिनिटभराच्या चित्रात दाखवली. 'अंकुराची वाढ' या नावाने ती ओळखली जाते. ते १९१२ साल होते. विज्ञान दाखवणाऱ्या आपल्याकडील चित्रांची सुरुवात सांगायची तर ती या वाटाण्याच्या वेलापासून सांगावी लागेल. ही गोष्ट मी नानांना सांगितली, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, 'पाणी घालताना कॅमेरा हलला नाही का?' आयुष्यभर मोजमापात काम केलेल्या माणसाचा तो प्रश्न होता.

मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात सर्वांत घट्ट बसलेल्या असतात. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला बहुधा अलीकडच्या गोष्टी आधी पुसल्या जातात. जुन्या अधिक काळ टिकतात. म्हणून साठ-सत्तरच्या दशकांवरचा माहितीपट हा त्या जुन्या खोलीच्या कुलपाची किल्ली ठरू शकतो. रॉबर्ट बटलर या अमेरिकी डॉक्टरांनी १९६३ साली मांडले की, म्हाताऱ्या माणसाचे भूतकाळात रमणे हा दोष नसून आयुष्याचा हिशेब जुळवण्याची ती स्वाभाविक क्रिया आहे. पुढे जुनी छायाचित्रे, वस्तू, गाणी आणि चित्रफिती यांच्या आधारे आठवणी बोलत्या करण्याची एक पद्धतच तयार झाली. तिच्यावरील अभ्यासांचा २०१८ साली घेतलेला आढावा सांगतो की लाभ होतो, पण तो थोडा असतो आणि सर्वांना सारखा होत नाही. हा आजारावरचा उपाय नव्हे. दिवस बरा जाण्याचा एक मार्ग आहे, इतकेच.

चित्र थांबवा आणि विचारा

आमच्या घरी आता रोज दुपारी चार वाजता, चहानंतर, माहितीपट लागतो. वेळ पाऊण तास. वीस-बावीस मिनिटांनी रिमोटने चित्र थांबवायचे आणि बोलायचे. सुरुवातीला मी एक चूक करत असे. 'नाना, आत्ता काय दाखवले?', 'ते कोणते साल होते?' असे प्रश्न विचारी. ते गोंधळत, मग चिडत. ती त्यांची परीक्षाच होत होती आणि नापास होण्याची भीती म्हातारपणी अधिक बोचते. पुढे प्रश्न बदलले. 'तुमच्या खात्यात हे कसे करत?', 'उन्हाळ्यात शेडमध्ये उकडत असेल ना?', 'डब्यात काय न्यायचात?' अशा प्रश्नांना चुकीचे उत्तर नसते.

एके दिवशी मिग-२१ वरील माहितीपट सुरू होता. माझा मुलगा, जो अकरावीत आहे, शेजारी बसला होता. तो म्हणाला, 'आजोबा, हे अख्खे विमान तुम्ही ओझरला बनवायचात?' नाना ताठ बसले. म्हणाले, 'अख्खे नव्हे रे. बॉडी आमची. इंजिन कोरापूटचे, आणि आतली इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादची. सगळे ओझरला यायचे, मग जोडणी.' मुलाने मोबाइलवर शोधले, तर ते अगदी बरोबर. मिगचा सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातील कोरापूटला आणि विद्युत-उपकरणे हैदराबादला, अशी कामाची विभागणी तेव्हापासूनची आहे. सकाळी घेतलेली गोळी न आठवणाऱ्या माणसाने साठ वर्षांपूर्वीची व्यवस्था क्रमाने सांगितली होती. त्या दिवशी मुलगा त्यांच्यापाशी तासभर बसला. एरवी तो पाच मिनिटेही बसत नाही.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ विमानांना हवाई दलाने निरोप दिला. १९६३ साली दाखल झालेले हे विमान बासष्ट वर्षांनी सेवेतून गेले. आम्ही सगळ्यांनी तो सोहळा एकत्र पाहिला. नाना रडतील अशी मला धास्ती होती. ते म्हणाले, 'लई वर्षं चाललं. आता इसावा पायजे त्याला.' पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, ओझरला तयार झालेल्या तेजस मार्क-१ ए विमानाने उड्डाण केले. तेही त्यांना दाखवले. एक गोष्ट संपते, दुसरी सुरू होते, हे त्यांना सांगावे लागले नाही.

कान आणि डोळे आधी तपासा

आजोबा माहितीपट पाहताना झोपतात किंवा लक्ष देत नाहीत, अशी तक्रार असेल तर आधी त्यांना ऐकू येते का, ते पाहावे. वय वाढते तसे उंच पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीतली. म्हणून 'आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत' असे ज्येष्ठ म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदी खरे असते. कारखान्यात वर्षानुवर्षे गोंगाटात काम केलेल्यांना हा त्रास अधिक असतो. त्यातच माहितीपटात निवेदनाच्या मागे सतत संगीत आणि इंजिनांचा घोष चालू असतो. आवाज नुसता वाढवल्याने संगीतही वाढते; शब्द हरवलेलेच राहतात.

आम्ही श्रवणयंत्र घेतले, टीव्हीच्या आवाजाच्या मांडणीत 'संवाद स्पष्ट' करणारी सोय सुरू केली आणि जेथे मिळतील तेथे खाली येणारी अक्षरे लावली. इंग्रजी माहितीपट असेल तर मुलगा मध्येमध्ये मराठीत सांगतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी किंवा लांबवता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत उपचार न केलेला बहिरेपणा आणि अधू दृष्टी ही दोन्ही आहेत. श्रवणयंत्राचा संकोच करणाऱ्या ज्येष्ठांना हे अवश्य सांगावे.

डोळ्यांबाबत पुन्हा दादासाहेब फाळके यांचीच आठवण होते. चित्रपटाच्या ध्यासापायी ते रोज तासन् तास चित्रपट पाहत, झोप अपुरी घेत. त्यातून त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. मुंबईतील डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांनी ती परत आली. ध्यास असला तरी डोळ्यांना विश्रांती हवीच. पडद्याकडे एकटक पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांबवर, खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहावे. खोली पूर्ण अंधारी ठेवू नये. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला मंद दिवा असावा. मोतीबिंदू असणाऱ्यांना चकाकी फार त्रास देते, म्हणून खिडकीचे प्रतिबिंब पडद्यावर पडणार नाही अशी जागा निवडावी.

युद्धाच्या दृश्यांची काळजी

नानांच्या त्या रात्रीने शिकवलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला पडद्यावरचे आणि घरातले यांतील सीमारेषा नेहमी स्पष्ट दिसत नाही. भोंगा वाजला की तो त्यांच्यासाठी आत्ताच, आपल्याच गल्लीत वाजतो. अनेकांचा गोंधळ आणि अस्वस्थता संध्याकाळनंतर वाढते. त्यामुळे युद्ध, बॉम्बहल्ले, अपघात यांचे माहितीपट दुपारी, उजेडात आणि सोबतीनेच पाहावेत. दिवेलागणीनंतर असे काहीही नको. रात्री झोपण्यापूर्वी किमान एक तास पडदा बंद असलेला बरा.

निवृत्त सैनिक किंवा त्यांच्या पत्नी घरात असतील, तर अधिक जपावे. आपल्याला जे शौर्यगाथेसारखे वाटते, त्यात त्यांना एखादा गेलेला सोबती दिसत असेल. आधी विचारावे, 'पाहायचे का?' ते नको म्हणाले तर कारण विचारू नये. पाहताना श्वास जलद होणे, हात चोळणे, उठून दाराकडे जाणे, एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणणे ही अस्वस्थतेची लक्षणे आहेत. अशा वेळी 'अहो, हे खोटे आहे' असा वाद घालू नये. टीव्ही बंद करावा, दिवा लावावा, हात हातात घ्यावा, पाणी द्यावे आणि 'सगळे ठीक आहे, मी इथेच आहे' असे हळू आवाजात सांगावे. असे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना कळवावे.

आमच्या तालुक्यात विमान हे केवळ पडद्यावर नसते. ओझरहून उडालेल्या सुखोईचा आवाज सायखेड्यापर्यंत येतो. ४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यातच शिरसगाव शिवारात एक सुखोई कोसळले. दोन्ही वैमानिक सुखरूप बाहेर पडले. त्या दिवसांत तीच दृश्ये वाहिन्यांवर दिवसभर फिरत होती. अशी घटना घडली की बातम्या एकदा पाहून संच बंद करावा. एकच अपघात वीस वेळा पाहणाऱ्या वृद्धाला वीस अपघात झाल्यासारखे वाटू शकते.

बैठक लांबू देऊ नका

चित्र थांबवण्याचा दुसरा फायदा शरीराला होतो. दर अर्ध्या तासाने उठावे. उठताना घाई नको. आधी बसल्या जागी पावले वर-खाली दहा वेळा हलवावीत, मग खुर्चीच्या हातांवर भार देऊन उभे राहावे, क्षणभर थांबावे आणि मगच पाऊल टाकावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यास चक्कर येऊ शकते. याच वेळी लघवीला जाऊन यावे, दोन घोट पाणी प्यावे. टीव्हीसमोर शेवचिवड्याची वाटी ठेवू नये, विशेषतः मधुमेहींच्या. किती खाल्ले याचे भान राहत नाही. खुर्ची टेकू देणारी आणि हात असलेली हवी. जमिनीवरच्या वायरी, गालिचे हटवावेत. आम्ही तर मधल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी रात्रभर जळणारा छोटा दिवाही बसवला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्ट वर्षांपुढील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवले आहेत. ज्याला जेवढे झेपेल तेवढे, डॉक्टरांच्या सल्ल्याने करावे. माहितीपट हा चालण्याला पर्याय होऊ नये. आमच्याकडे नियम साधा आहे : आधी फेरी, मग चहा, मग टीव्ही.

काय पाहावे, काय टाळावे

मोबाइलवर आणि टीव्हीवर आज माहितीपटाच्या नावाखाली बरेच बनावट साहित्य फिरते. संगणकीय खेळातली दृश्ये खऱ्या हवाई लढाईची म्हणून दाखवली जातात; इतिहासाच्या नावाने द्वेष पसरवला जातो; विज्ञानाच्या नावाने एखाद्या चूर्णाची जाहिरात केली जाते. कोणी केला, केव्हा केला, कोणते तज्ज्ञ बोलत आहेत, हे जेथे सांगितलेले नाही तो माहितीपट ज्येष्ठांपुढे न ठेवलेला बरा. आणि कोणत्याही चित्रफितीवरून औषध सुरू अथवा बंद करू नये, हे घरात सर्वांना ठाऊक असावे. घरातल्या एखाद्या तरुणाने आठवड्याचे पाच-सहा माहितीपट आधी निवडून ठेवले, तर ही काळजी मिटते. मात्र निवडलेल्या त्या पाचांपैकी आज कोणता पाहायचा, हे आजोबांनाच ठरवू द्यावे. दिवसभर आपण त्यांच्या वतीने सगळे ठरवत असतो; एवढा तरी हक्क त्यांच्या हाती राहावा.

सांभाळणाऱ्यांविषयी थोडे

हे सारे रोज जमते असे मी म्हणणार नाही. घरात रुग्ण असताना स्वयंपाक, औषधे, शेतावरची माणसे सांभाळून पाऊण तास शेजारी बसणे कठीण असते. कधी कधी टीव्हीमुळेच आपल्याला अर्धा तास पाठ टेकता येते, आणि त्याची लाज वाटून घेऊ नये. सांभाळणाराच थकून पडला तर घर पडते. फक्त त्या वेळी लावायचे ते सौम्य असावे : पक्षी, नद्या, आकाश, जुनी देवळे. आठवड्यातून दोन-तीन दिवस कोणीतरी सोबत बसेल अशी वाटणी करावी. नातवंडांवर हे काम सोपवावे. आमचा अनुभव आहे की त्यात त्यांचाही फायदा होतो.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. आम्ही सगळे नानांच्या विमानांत गुंतलो असताना सासूबाई शेजारी नुसत्या बसून असत. त्यांना विमानांत रस नव्हता आणि कोणी विचारलेही नव्हते. एकदा नांदूरमध्यमेश्वरच्या पक्ष्यांवरचा माहितीपट लागला. गोदावरीवरचे ते पाणथळ क्षेत्र आमच्या तालुक्यातलेच. २०२० साली त्याला महाराष्ट्रातील पहिल्या रामसर स्थळाचा मान मिळाला. सासूबाई एकाएकी बोलू लागल्या. कोणता पक्षी थंडीत कोणत्या शेतात उतरे, नदीवर धुणे धुताना पाणी कसे स्वच्छ दिसे, १९६९ च्या पुरात पाणी कुठवर आले होते. मग २०१९ च्या पुराची दृश्ये आली, तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, 'हे बंद कर गं.' मी बंद केले. इतिहास फक्त लढायांचा आणि विमानांचा नसतो. ज्या बायांनी पहाटे चारला उठून पहिल्या पाळीचे डबे केले, त्यांनाही विचारले पाहिजे.

नानांचा आजार बरा झालेला नाही. मागच्या महिन्यात त्यांनी दोनदा मला ओळखले नाही. कोरापूटची गोष्ट आता ते सांगतात, पण कधी हैदराबाद विसरतात, तेव्हा माझा मुलगा ते हळूच पुरवतो. त्या घटनेनंतर ते रात्री उठून दिवे घालवत फिरलेले नाहीत. दुपारी चार वाजले की ते स्वतः खुर्ची खिडकीकडून वळवून घेतात आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून वाट पाहतात. ती खुर्ची रिकामी राहू नये, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.